नाशिक ते जोरहाट, सरळ रेषेत

कॅनडा कॉर्नर, नाशिक
९ ऑगस्ट १९९८

प्रिय मनीषा,

तुझं पत्र काल मिळालं. तिसरा महिना लागला आणि मला आत्ता कळतंय. बातमी चांगली आहे म्हणून पहिल्या ओळीत रागवत नाही. दुसऱ्या ओळीपासून रागवेन.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तुझी आई असती तर तिनं हे बोलूनही दाखवलं नसतं, सरळ मळ्यातली खोली चुना लावून तयार ठेवली असती. ती नाही, म्हणून तुझं माहेर म्हणजे मखमलाबादचा गुलाबांचा मळा, त्यात वाकलेले तुझे अण्णा, आणि इथली ही दोन खोल्यांमधली आत्या. एवढं माहेर पुष्कळ झालं. दिवाळी झाली की निघून ये.

"इतका लांबचा प्रवास, बघू" असं तू लिहिलंयस. म्हणून मी चौकशी केली. शरणपूर रोडला विमानाच्या तिकिटांचं एक ऑफिस झालंय. आत थंडगार, आणि टेबलामागे नखं रंगवलेली मुलगी. मी विचारलं, "नाशिक ते जोरहाट विमानाला किती वेळ लागतो?"

"मॅडम, नाशिकहून जोरहाटला विमान नाही."

"विमान आहे का, हे मी विचारलं नाही. किती वेळ लागेल, हे विचारलं."

"पण जे विमानच नाही, त्याला वेळ कसा लागेल?"

मी म्हटलं, "बाळ, मी तीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजला होते. ज्यांचा फोन लागत नव्हता त्यांनाही मी किती वेळ लागेल ते सांगत होते." तिनं मला पाणी दिलं. म्हातारं माणूस चिडलं की लोक हल्ली पाणी देतात.

घरी येऊन मी अॅटलास उघडला, नाशिकवर दोरा धरला आणि जोरहाटपर्यंत ताणला. बावीसशे किलोमीटर भरतात. मोठ्या विमानाला तीन तास. तीन तासांत तुझ्या अण्णांची दुपारची झोपसुद्धा पुरी होत नाही. तेव्हा अंतराचं कारण मला सांगू नकोस.

फोनही करू नकोस. आयुष्यभर लोकांची बोलणी कानातून गेली. आता घंटा वाजली की तोंडातून "नंबर प्लीज" निघतं. पत्र लिही.

तुझी
वत्सलाआत्या

*

जोरहाट
२२ ऑगस्ट १९९८

प्रिय आत्या,

तुझं पत्र इतक्या वेळा वाचलं की घडीवर विरायला लागलंय.

दोरा बरोबर आहे, पण आम्ही माणसं दोऱ्यावरून जात नाही ना. इथून कलकत्ता, तिथे एक मुक्काम, कारण दोन विमानं एकमेकांसाठी थांबत नाहीत. मग मुंबई. मग टॅक्सीनं कसारा घाट. दिवाळीचं मी आत्ताच नक्की सांगत नाही. रागवू नकोस.

इथे पाऊस आहे. चहाच्या संशोधन केंद्राच्या आमच्या घरांना पत्र्याची छपरं आहेत, त्यामुळे पाऊस आला की बोलणं बंद करावं लागतं. प्रणब मातीचे नमुने तपासायला जातो आणि स्वतःच चिखलाचा नमुना होऊन येतो. त्याच्या आई, मा, बऱ्या आहेत.

दुपारी मी मच्छरदाणीत पडलेली असते. तुझं ते तीन तासांचं विमान डोक्यातून जात नाही. ते नाशिकहून निघालं, तर खाली काय काय दिसेल? तू अॅटलास बघून सांग. पण एकदम नको, थोडं थोडं सांग. पुढच्या पत्राची वाट बघायला काहीतरी हवं.

तुझी
मनीषा

*

नाशिक
५ सप्टेंबर १९९८

प्रिय मनीषा,

तर विमान निघालं.

आपल्या गांधीनगरच्या धावपट्टीवर गवत वाढलंय, त्यावर दव आहे. विमान लहान, पांढरं, आत कुणी नाही. ते तुला आणायला निघालंय, म्हणून रिकामं. वर चढताना ते मखमलाबादवरून एक वळसा घेतं. अण्णा गुलाब तोडून पाटीत भरतायत. ते वर बघत नाहीत, त्यांना फुलबाजार गाठायचाय. गोदावरीवर धुकं आहे आणि पुलावरच्या सायकली त्या धुक्यातून निघून धुक्यातच जातात. मग एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुरांडी. त्यांच्या धुरात विमान शिरतं आणि क्षणभर सगळं दुधासारखं होतं, आवाजही. बाहेर येतं तेव्हा डावीकडे चांदवडचे डोंगर असतात आणि खाली कांद्याच्या चाळी, कुणी काड्यापेट्या मांडून ठेवाव्यात तशा. मनमाडला रेल्वेचे रूळ वेणीसारखे एकत्र येतात.

मनमाडच्या वर मी विमान थांबवलंय. माझं विमान थांबू शकतं. तुझं पत्र येईपर्यंत ते तिथेच उन्हात तरंगत राहील.

आता कामाचं. पत्र पेन्सिलीनं का लिहिलंस? अक्षर चढावर चालल्यासारखं का आहे? आणि "मा बऱ्या आहेत", एवढंच? पत्र्याच्या छपरावर तीन ओळी आणि सासूवर तीन शब्द. मी लोकांच्या गप्प बसण्यावरून ओळखायची की लाइन कुठे तुटली आहे. त्या बाई तुला पाठवत नाहीत, हे मला कळलं.

मी आजच त्यांना वेगळं पत्र टाकलंय, इंग्रजीतून. शाळेत सिस्टर बेनेडिक्टांनी शिकवलेलं इंग्रजी आहे. ते वाचताना माणूस आपोआप उठून उभं राहतं.

तुझी
आत्या

*

जोरहाट
२७ सप्टेंबर १९९८

प्रिय आत्या,

विमान मनमाडवर फार दिवस राहिलं. तुझं पत्र पुरामुळे उशिरा आलं. मी रोज दुपारी त्याला तिथे बघत होते. एकदा तर त्याच्या पंखावर बगळे बसले होते.

मांना तुझं पत्र मिळालं. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून मीच असमियातून वाचून दाखवलं. त्यांना फार बरं वाटलं. त्या म्हणाल्या, तुझी आत्या प्रेमळ आहे. सोबत त्यांनी तुझ्यासाठी गामोसा पाठवलाय, पांढऱ्यावर लाल काठ आहे तो. तो त्यांनी स्वतः मागावर विणला आहे. इथे मान द्यायचा असला की तो देतात. पंचा म्हणून वापरू नकोस.

पेन्सिल जवळ होती म्हणून घेतली, एवढंच.

विमान सोड ना पुढे.

मनीषा

*

नाशिक
१२ ऑक्टोबर १९९८

प्रिय मनीषा,

गामोसा समोर ठेवून बसले आहे. काठ सुरेख आहे. पण मला तो का मिळाला?

मी त्या बाईंना लिहिलं होतं की मुलगी म्हणजे तुमच्या पोस्टात अडकून पडलेलं पार्सल नाही. पुढे लिहिलं होतं की आमच्याकडे मुलीला पहिल्या खेपेला न पाठवणाऱ्या घराबद्दल लोक काय बोलतात ते मी सभ्यपणामुळे लिहीत नाही. शेवटी पंधरा दिवसांची मुदत दिली होती. असं पत्र वाचून कुणी आपल्या हातानं विणलेलं कापड पाठवत नाही. एकतर त्या बाई संत आहेत, नाहीतर वाचून दाखवणारी लबाड आहे. संत मी फार पाहिलेले नाहीत.

तुझ्या अण्णांना विचारलं, सावळीराम, तुला काय वाटतं? ते कलमं बांधत होते. ते म्हणाले, "आक्का, पोर बोलत नाय म्हंजी तिला काय तरी दुखतंय. तू भांडू नको, इचार." मी त्याला म्हटलं, मी भांडत नाही, मी चौकशी करते. तो म्हणाला, "तुजं दोन्ही सारखंच ऐकू येतं."

म्हणून विचारते. काय झालंय?

विमान अडवून ठेवणार होते, पण तुझी चूक असली तरी त्याची नाही. मनमाड सोडलं. उजवीकडे अजिंठ्याचे डोंगर, वाळत घातलेल्या घोंगडीसारखे. तापी पार केली. मग सातपुडा सुरू होतो आणि बराच वेळ फक्त झाडं. सागाला या दिवसांत पांढरा फुलोरा असतो. वरून वाटतं, जंगलावर कुणी पीठ चाळलंय. मग मंडल्याजवळ नर्मदा. तिथे ती गावाला तीन बाजूंनी वेढून वळते, झोपेत कुणी कूस बदलावी तशी. तिथे थांबलं आहे. उत्तर येईपर्यंत हलणार नाही.

आत्या

*

जोरहाट
२ नोव्हेंबर १९९८

प्रिय आत्या,

दिवाळीत पत्र आलं. मी दहा-बारा दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण तुला खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहिता येत नव्हतं.

मी ऑगस्टपासून अंथरुणात आहे. पलंगाच्या पायथ्याला विटा लावून तो उंच केलाय. पेन उताणं धरलं की शाई उतरत नाही, म्हणून पेन्सिल. अक्षर म्हणूनच चढतं.

आत्या, हे तिसरं आहे. आधीची दोन चौथा महिना ओलांडण्याआधीच गेली. एक लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, एक मागच्या माघात. मी कळवलं नाही. अण्णा रानात एकटे असतात, त्यांना हे डोक्यात घेऊन गुलाब तोडावे लागले असते. या वेळी डॉक्टरांनी गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलाय आणि सांगितलंय, उठायचं नाही. विमानाचं तर सोडच, मला अंगणातही जायचं नाही. मा मला आंघोळ घालतात, केस विंचरतात, भरवतात. त्यांच्याबद्दल तीनच शब्द लिहिले कारण चौथ्या शब्दाला मला रडू आलं असतं आणि तुला सगळं कळलं असतं.

वाचून दाखवणारी लबाडच होती. मी मांना सांगितलं, आत्या लिहितात, आमच्याकडे गुलाबांना बहर आलाय, तुम्ही मुलीला जपता म्हणून मी निर्धास्त आहे. पार्सलचं वाक्य आलं तेव्हा मी म्हटलं, आत्या तुमच्यासाठी पार्सल पाठवणार आहेत. तेव्हा काहीतरी पाठव.

डॉक्टर म्हणतात, जानेवारी पार पडला की धोका टळला. मला माहेरी येता येणार नाही. पण पहिलं बाळंतपण माहेरी होतं ना? मग माहेर इकडे येईल का? तू येशील, आत्या?

मनीषा

*

नाशिक
१४ नोव्हेंबर १९९८

प्रिय मनीषा,

पत्र वाचलं. रागवत नाही.

पाय वर ठेव. लोखंडाच्या गोळ्या दुधाबरोबर घेऊ नकोस. मांसाठी मनुका, चिवडा आणि अण्णांच्या गुलाबांचा गुलकंद पाठवला आहे, पार्सल म्हणून. अण्णांना मी सांगितलेलं नाही.

माझ्या येण्याचं म्हणशील तर नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे आपणच जाऊन सांगायचं. ते झाल्याशिवाय गाव सोडता येत नाही. पुढे नळाचं काम काढलंय. शिवाय घराला कुलूप लावून जायचं म्हणजे... बघू.

विमान नर्मदेवरून निघालं. अमरकंटक उजव्या हाताला राहिलं. हजारीबागचं रान आलं, संध्याकाळ होतेय. खाली कुठे दिवा नाही. विमानाची सावली कधीच मागे पडली आणि ते आता एकटंच चाललंय. हळू चाललंय, तुला धक्का बसू नये म्हणून.

आत्या

*

जोरहाट
१ डिसेंबर १९९८

प्रिय आत्या,

जिवंत असल्याचा दाखला मिळाला ना? मग झालं तर.

मा गुलकंद पोळीला लावून खातात आणि प्रणबला देत नाहीत. रोज दुपारी त्या सुपारीचा डबा घेऊन माझ्या पलंगाशी बसतात आणि विचारतात, विमान कुठवर आलं? आता मी खरं खरं सांगते, तू लिहितेस तसं. काल त्या म्हणाल्या, "इतके महिने उडतंय, चालवणाऱ्याला जेवायला कोण घालतं?" मी म्हटलं, आत्याला विचारते. मग म्हणाल्या, "आणि आत्या कुठे बसली आहे? खिडकीशी?"

तेव्हा मी तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. आत्या, तू त्या विमानात कुठेच नाहीस. वरून दिसणारं सगळं तू लिहितेस, पण तू खालीच उभी आहेस. पहिल्याच दिवशी तू त्याला रिकामं सोडलंस.

बाळ आता लाथा मारतं. रात्री पोट कधी कधी दगडासारखं घट्ट होतं. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. मी घाबरते.

तू ये किंवा येऊ नकोस. पण नळाचं काम सांगू नकोस. खरं काय ते सांग.

मनीषा

*

नाशिक
१२ डिसेंबर १९९८

प्रिय मनीषा,

मला विमानाची भीती वाटते.

आता लिहून झालं आहे, तर पुढचंही लिहिते. मी मुंबईच्या पलीकडे कधी गेले नाही. जोरहाटचा कॉल कुणी बुक केला की मी मुंबई मागायची, मुंबई कलकत्ता मागायची, कलकत्ता गोहाटी मागायचं, आणि शेवटी पाण्याखालून आल्यासारखा कुणाचा तरी "हॅलो" यायचा. मला वाटायचं, मी तिथवर जाऊन आले. खुर्चीतून न उठता मी सगळा देश फिरले, म्हणून उठायची वेळ आली नाही. तिकिटांच्या ऑफिसात त्या मुलीनं शेवटी विचारलं होतं, "मॅडम, प्रवास कोण करणार आहे?" तेव्हा मी इतक्या घाईनं "माझी भाची" म्हणाले की तिला हसू आलं. ते तुला कळवलं नव्हतं.

अण्णांना तू कळवलं नव्हतंस. मी सांगितलं. मळ्यात जाऊन, वरंब्यावर बसून. सावळीराम पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत राहिला. मग म्हणाला, "मी जातो."

मी म्हटलं, "तू जाऊन काय करणार? बाळंतपण बायकांचं काम."

"मग तू जा."

"मला भीती वाटते, सावळ्या."

"वाटू दे की. भीतीला काय येगळं तिकीट लागतं व्हय?"

या माणसाला मी लहानपणी शुद्ध बोलायला शिकवायची.

आज त्याच ऑफिसात जाऊन आले. ४ जानेवारीला मुंबईहून कलकत्ता, ५ ला तिथून जोरहाट. त्या मुलीनं तिकिटावर माझं नाव लिहिलं, वत्सला मोतीराम विधाते, आणि ते विमानासारख्या गोष्टीवर फार जड दिसत होतं.

मांना सांग, चालवणाऱ्याला मी जेवू घालते. विमान गंगेवर आलंय, राजमहालजवळ. पुढे सरळ रेषेत बांगलादेश लागतो. परवानगी मी घेणार नाही. पाखरांना कोण विचारतं? तुझ्याकडे येईपर्यंत त्याला मी ढगांत लपवून ठेवणार आहे.

मी येईपर्यंत तू फक्त पडून राहा. एवढं एक कर.

आत्या

*

जोरहाट, दवाखान्याचा व्हरांडा
७ जानेवारी १९९९

मनीषा,

ही चिठ्ठी सिस्टरच्या हाती देते आहे. तुझ्या वॉर्डात एका वेळी एकच बाई सोडतात, आणि आत्ता मा आत आहेत. त्यांचा हक्क पहिला. मी बाहेर बाकावर आहे. आपल्यात एक भिंत आणि एक मीटर लांबीची खिडकी आहे, आणि तीही रंगवून बंद केलेली. तरी पत्रच लिहावं लागतंय.

परवा विमानतळावर प्रणबराव एकटेच आले होते. ते म्हणाले, "आत्या, मुलगी. आज सकाळी." मी विचारलं, जिवंत आहे का? माफ कर, पहिला प्रश्न तोच आला. ते म्हणाले, "ती रडली. जोरात नाही, पण रडली."

काल तिला काचेच्या पेटीत पाहिलं. दोन किलोलाही कमी आहे. छाती चिमणीसारखी हलते. सिस्टर म्हणाली, आठवडाभर काही सांगता येणार नाही. मी तिला म्हटलं, मग सांगू नका.

प्रवासाचं विचारशील, म्हणून सांगून टाकते. मुंबई ते कलकत्ता मी डोळे उघडले नाहीत. कलकत्त्याला धुकं होतं, विमान दुपारपर्यंत सुटलं नाही, आणि तिथे मी तीन अधिकाऱ्यांशी बोलले. ते मला विसरणार नाहीत. मग जोरहाटपर्यंत पुन्हा डोळे मिटून. शेजारी एक चहामळेवाले होते. ते म्हणाले, "मॅडम, ब्रह्मपुत्र. देखिये." मी त्यांचा दंड धरला आणि म्हटलं, तुम्हीच बघा. तुला इतके महिने सगळ्या नद्या दाखवल्या आणि खरी आली तेव्हा मी तिच्यावरून आंधळ्यासारखी गेले.

मांना सगळं माहीत होतं. काल आम्ही दोघी या बाकावर बसलो होतो. त्यांचं हिंदी माझ्या असमियाइतकंच. मी म्हटलं, वो चिट्ठी के लिए माफी. त्या म्हणाल्या, "हम उसी दिन प्रणब से पढ़वाया." मी विचारलं, का? त्यांनी हातानं दाखवलं, कागदाला जागोजागी पेनाची भोकं पडली होती. फुलांची खबर इतकी दाबून कुणी लिहीत नाही. मग, गामोसा? त्या म्हणाल्या, "जिसका बच्ची दूर है, वो गुस्सा करेगा ना।"

आत्या

*

वॉर्ड
७ जानेवारी, संध्याकाळ

आत्या,

पहाटे कळा सुरू झाल्या तेव्हा मी थांबवायचा फार प्रयत्न केला. तू म्हणाली होतीस ना, फक्त पडून राहा. नाही जमलं.

मा सांगतात, तू काचेपाशी उभी राहून तिच्याशी मराठीत बोलतेस. काय बोलतेस? ती वाचेल ना?

मनीषा

*

व्हरांडा
८ जानेवारी

मनीषा,

थांबवायचं तुझ्या हातात नव्हतं. ते वाक्य मी लिहायला नको होतं.

काय बोलते? तिला गांधीनगरपासून सांगते आहे. काल एकलहऱ्याचा धूर झाला. आज चांदवड. ती ऐकताना मूठ उघडते आणि मिटते. वाचेल का, ते मला माहीत नाही, आणि मला माहीत नसलेलं मी कुणाला सांगत नाही. रोज थोडं थोडं सांगते आहे, एवढंच.

दूध काढून पाठवत जा. रडून पाठवलंस तरी चालेल, पण पाठव.

आत्या

*

व्हरांडा
२१ जानेवारी १९९९

मनीषा,

ही शेवटची चिठ्ठी, कारण उद्या तुला घरी सोडणार आहेत आणि एका घरात राहून मी पोस्टाचा धंदा करणार नाही.

तिला पेटीतून काढलं. तुझ्याकडे आणायच्या आधी सिस्टरनं कपडा बदलायला घेतलं, आणि जवळ मी होते म्हणून क्षणभर माझ्या हातात दिलं. तिला काही वजनच नाही. पण डोळे उघडे होते आणि कपाळाला आठी होती. मांनी माझ्याकडे बोट दाखवून सिस्टरला काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. त्याचा अर्थ मला कळला. तू भाषांतर करू नकोस.

नंतर डॉक्टर भेटले. मी विचारलं, नाशिकला कधी नेता येईल? माहेरपण राहिलं आहे. ते म्हणाले, विमानानं? इतक्यात नाही. फुप्फुसं नाजूक आहेत, चैत्रापर्यंत तरी थांबा. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "आपको वापस जाने की जल्दी होगी?" मी मानेनंच नाही म्हटलं. आयुष्यात मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. जल्दी मला नेहमीच होती.

बाहेर मा बाकावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, डॉक्टर की क'ले, म्हणजे काय म्हणाले? मी सांगितलं, हम चैत तक इधर ही है. त्या थोड्या सरकल्या आणि त्यांचा डबा माझ्यापुढे धरला. त्यातली ओली सुपारी भयंकर चढते, हे प्रणबरावांनी मला आधीच बजावलं होतं. मी घेतली. कान तापले, कपाळावर घाम आला, आणि समोरचा रस्ता, सायकल रिक्षा, औषधांचं दुकान, नागकेशराची झाडं, सगळं जमिनीपासून वीतभर वर उचललं गेलं आणि तिथेच राहिलं. मांनी माझा हात धरून ठेवला. मला उतरायची काही घाई नव्हती.

आत्या